‘नकार मनावर घेऊ नका’ असं शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जीवन विमा कंपन्यांच्या विक्री आणि प्रशिक्षण विभागांचे प्रमुख

सप्रेम नमस्कार.

नव्या विमा प्रतिनिधींच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी एक वाक्य कानावर पडतं: ‘नकार मनावर घेऊ नका.’ पाठोपाठ गणित येतं. इतके फोन, त्यातून इतक्या भेटी, त्यातून इतक्या सह्या. म्हणजे प्रत्येक नकार तुम्हाला पुढच्या होकाराच्या जवळ नेतो. टाळ्या होतात आणि पुढचं सत्र सुरू होतं. हे पत्र त्या वाक्याविरुद्ध आहे.

मी जीवन विमा विकते. बरीच वर्षं विकते आहे, आणि माझ्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी बहुतेक जण आता या व्यवसायात नाहीत. त्यांत माझ्यापेक्षा बोलकी, हुशार, मोठ्या ओळखींची माणसं होती. ‘त्यांना नकार पचला नाही’ अशी तुमच्याकडे त्यांची नोंद होते आणि फाइल बंद होते. मला ते निदान पटत नाही. जे टिकले त्यांनाही नकार लागलाच. त्यांनी तो घरी नेला, उलटसुलट करून पाहिला आणि समोरच्याने नेमकं कशाला नको म्हटलं ते शोधून काढलं. हे ज्यांना कुणी शिकवलं नाही, त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या: खचून सोडून जायचं, नाहीतर काहीही करून नकार येऊच द्यायचा नाही. पहिल्या वाटेने तुमचे आकडे बिघडतात. दुसरीने ग्राहकाचं घर बुडतं. मला बोलायचं आहे ते मुख्यतः या दुसऱ्या वाटेबद्दल, पण आधी थोडं नकाराबद्दलच.

विम्याला ‘नको’ म्हणणं हा लोकांचा अडाणीपणा आहे, असा सूर तुमच्या स्लाइड्समध्ये असतो. इतिहास तसं सांगत नाही. १६८१ मध्ये फ्रान्सच्या राजाने सागरी व्यापाराचे नियम घालून दिले, त्यांत माणसाच्या जिवाचा विमा काढायलाच मनाई होती. इंग्लंडमध्ये मनाई नव्हती, तर लोक अनोळखी माणसांच्या, नामांकितांच्या मरणावर पैजा लावल्यासारख्या पॉलिसी काढू लागले. शेवटी १७७४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला की ज्याच्या जगण्यात तुमचं खरंखुरं हित गुंतलेलं नाही, त्याचा विमा तुम्हाला काढता येणार नाही. मरणाशी पैशाचा संबंध जोडणाऱ्याकडे लोकांनी संशयाने पाहिलं, आणि त्या संशयाला कारणही होतं. आजही दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्याचा अंश दिसतो. तो आपल्या प्रतिनिधीच्या नाकाडोळ्यांमुळे आलेला नसतो, एवढं त्याला सांगा; पण तो खोटा आहे असंही सांगू नका.

दुसरं कारण अधिक साधं आहे. आपल्याला काही होणार नाही असं माणसाला मनापासून वाटतं. १९८० मध्ये नील वाइनस्टाइन या मानसशास्त्रज्ञाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीत हेच दाखवलं होतं: वाईट घटना आपल्यापेक्षा इतरांच्या वाट्याला येण्याची शक्यता जास्त, असा त्यांचा सर्वसाधारण कल होता. ग्राहक हे तोंडाने कधी म्हणत नाही. ‘बघू’, ‘पुढच्या वर्षी’, ‘आत्ता नको’ असं म्हणतो.

आणि हे सगळे ‘नको’ तुम्ही एकाच रकान्यात भरता. दिवसअखेर भरायच्या तक्त्यात भेट, नकार, होकार, फॉलो-अप. नकाराचा रकाना एकच! माझं भांडण तिथून सुरू होतं.

‘घरी विचारून सांगतो’ हे टाळणं आहे असं तुम्ही शिकवता आणि त्यावर उत्तरही पाठ करून घेता: ‘निर्णय घेणारे तुम्हीच ना?’ हे उत्तर उद्धट आहे, आणि बहुतेक वेळा चुकीचंही. खूप घरांत तो निर्णय खरोखरच एकट्याचा नसतो. अशा वेळी जिच्या नावे पैसे जाणार आहेत ती व्यक्ती खोलीत असताना पुन्हा भेट मागायची, बस. तिचे प्रश्न वेगळे असतात. ‘तुम्ही नसलात तर कागद कुठे न्यायचे?’ असं विचारणारी पत्नी मी पाहिली आहे आणि नवऱ्याने पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून घेतलेली पाहिली आहे.

‘माझ्याकडे आहे’ याचा अर्थ पुष्कळदा ‘नोकरीकडून आहे’ असा असतो. नोकरी सुटली की ते संरक्षण सुटतं, हे त्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं. पण कधी कधी त्याच्याकडे खरंच पुरेसं असतं. तेव्हा उठायचं. वाद घालायचा नाही.

‘पैसे नाहीत’ हे ओळखायला सगळ्यात अवघड. ते खरं असू शकतं, आणि खरं असेल तेव्हा तो माणूस ओशाळलेला असतो. त्याला आणखी ओशाळं करून मिळालेली सही तिसऱ्या हप्त्याला गळते. मी अशा वेळी रक्कम कमी करून पाहते, फक्त शुद्ध मुदतीचा विमा, बचत-बिचत काही नाही. त्यालाही नको म्हटलं तर ते उत्तर अडचणीचं आहे की सभ्यपणाने लावलेल्या दाराचं, ते बहुधा कळतं. तुमच्या कमिशनच्या कोष्टकात ही छोटी पॉलिसी सगळ्यात खालच्या ओळीत असते, ही गोष्ट वेगळी. खरं तर वेगळी नाही, तिच्याकडे मी येणारच आहे.

मग एक नकार असा असतो जो आपणच द्यायला हवा. ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही, ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, त्याला मोठा जीवन विमा कशाला? ‘तुम्हाला याची गरज नाही’ हे वाक्य मी एका प्रशिक्षणात प्रश्नोत्तरांच्या वेळी उच्चारलं, तेव्हा शिकवणाऱ्या साहेबांनी विनोद समजून हसून घेतलं. मला तो प्रसंग अजून खटकतो. नको म्हणण्याचा हक्क ज्या प्रतिनिधीला स्वतःला नाही, तो समोरच्याचा ‘नको’ कसा समजून घेणार?

आता नातेवाइकांबद्दल. पहिल्या दिवशी तुम्ही शंभर नावांची यादी मागता. काका, मावशी, शाळेतले मित्र, जुने सहकारी. याला तुम्ही नॅचरल मार्केट म्हणता. त्यात नैसर्गिक काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. नातलगाचा होकार भिडेचा असतो आणि नकार जिव्हारी लागणारा, म्हणजे शिकण्याच्या दृष्टीने दोन्ही निरुपयोगी. मावशीने घेतलेल्या पॉलिसीतून नवख्याला एवढंच कळतं की मावशीचं त्याच्यावर प्रेम आहे, जे त्याला आधीही माहीत होतं. काही महिन्यांत यादी संपते. मग तो पहिल्यांदा अनोळखी माणसापुढे उभा राहतो, आणि तिथे वापरायला त्याच्याकडे काहीही नसतं. तोवर तुमच्या शाखेने त्याच्या गोतावळ्यातून धंदा केलेला असतो. तो सोडून जातो. मावशीचा हप्ता थांबतो. पुढच्या कार्यात मावशी त्याच्याशी जरा तुटकच बोलते.

त्याने मागे ठेवलेल्या पॉलिसींना आपल्या व्यवसायात अनाथ म्हणतात. पत्ता बदलायचा आहे, वारसाचं नाव बदलायचं आहे, हप्त्याची तारीख चुकली आहे, आणि विचारायला कुणी नाही. ज्यांची पॉलिसी अशी अनाथ झाली त्यांच्या दारात पुढचा प्रतिनिधी जातो तेव्हा त्याला मिळणारा नकार आधीच्याने तयार करून ठेवलेला असतो. ‘तुमचाच एक माणूस आला होता, नंतर फोनही उचलला नाही.’ हा राग ऐकून घ्यायला वेळ लागतो. कधी पूर्ण भेट त्यातच जाते आणि विकलं काहीच जात नाही. पण मला उशिरा आलेले बरेच होकार अशाच घरांतले आहेत. आधी त्यांचं अडलेलं काम करून दिलं, नवीन काही विकायचा विषयही काढला नाही, आणि नंतर त्यांनीच फोन केला. तुमच्या तक्त्यात ती भेट ‘निष्फळ’ म्हणून नोंदली गेली होती. तेव्हा हिशेब असा लागतो: भरती जितकी घाऊक, गळती जितकी मोठी, तितक्या अनाथ पॉलिसी जास्त, आणि तितके पुढच्या भरतीच्या वाट्याला येणारे नकारही जास्त. तुम्ही ज्या नकारांना तोंड द्यायला शिकवता, त्यांतले कितीतरी तुमच्याच घरचे आहेत.

आता ती दुसरी वाट.

समजा सगळं जुळून आलं आहे. ग्राहक तयार आहे, प्रस्तावाचा फॉर्म समोर आहे. प्रश्न येतो: गेल्या काही वर्षांत कुठल्या आजारावर उपचार घेतले का? ग्राहक म्हणतो, ‘रक्तदाबाची गोळी घेतो, पण अगदी हलकी.’ नवख्या प्रतिनिधीच्या कानात त्या क्षणी दुसरंच काही वाजत असतं. गोळी लिहिली की वैद्यकीय तपासणी आली, वाढीव हप्ता आला, दोन-तीन आठवड्यांचा उशीर आला, आणि तेवढ्यात ग्राहकाचा विचार बदलला की केस गेली. महिना संपायला चार दिवस आहेत. त्याला आयुष्यात एकच गोष्ट पक्की शिकवली आहे की हातची सही सोडायची नाही. तो म्हणतो, ‘एवढ्या तेवढ्याचं काही लिहायला लागत नाही,’ आणि ‘नाही’वर खूण करतो. ग्राहक न वाचता सही करतो, कारण समोरचा जाणकार आहे असं तो मानतो.

त्या खोलीत येऊ शकणारा एक छोटा, बिनमहत्त्वाचा नकार टळला. तो नाहीसा मात्र झालेला नसतो. बऱ्याच देशांत सुरुवातीच्या ठरावीक काळात मृत्यू झाला आणि फॉर्ममध्ये महत्त्वाची माहिती लपवल्याचं आढळलं, तर कंपनीला दावा नाकारता येतो. तपासनीस येतो, दवाखान्याचे कागद काढतो, त्यांत गोळीचं नाव सापडतं. मग एक पत्र जातं, आणि ते ज्या बाईच्या हातात पडतं तिने फॉर्म पाहिलेलाही नसतो. एव्हाना तो प्रतिनिधी बहुधा दुसऱ्या नोकरीत असतो. त्याने नकार मनावर घेतला नव्हता, तुम्ही सांगितलं होतं तसंच.

या व्यवसायात ज्याला परम सद्भाव म्हणतात, त्या तत्त्वाचा पाया १७६६ च्या कार्टर विरुद्ध बोहम या इंग्लंडमधल्या खटल्यात आहे. ते तुम्ही शिकवता: विमा घेणाऱ्याने काही लपवू नये. त्या खटल्याचा निकाल काय लागला ते मात्र कुणी सांगत नाही. सुमात्रामधल्या एका किल्ल्याच्या गव्हर्नराने किल्ला शत्रूच्या हाती पडला तर भरपाई मिळावी म्हणून विमा काढला होता. किल्ला पडला, आणि विमा देणारा म्हणाला की किल्ला किती दुबळा होता हे आमच्यापासून लपवलं. निकाल विमा घेणाऱ्याच्या बाजूने गेला. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सद्भाव दोन्ही बाजूंना बांधील असल्याचं सांगितलं. जे विमा देणाऱ्यालाही ठाऊक असायला हवं होतं, ते दुसऱ्याने सांगितलं नाही अशी तक्रार त्याला करता येत नाही. महिनाअखेरीला तुमच्या शाखेत फॉर्म कसे भरले जातात, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं की नको?

कंपनीकडून येणाऱ्या नकाराबद्दल तर प्रशिक्षणात अक्षरही नसतं. प्रतिनिधीने सगळं खरं लिहिलं, ग्राहकाने तपासणी करून घेतली, आणि अंडररायटिंगकडून, म्हणजे जोखीम तपासून प्रस्ताव घ्यायचा की नाही ते ठरवणाऱ्या विभागाकडून, उत्तर आलं की प्रस्ताव स्वीकारता येत नाही. आता हे त्या घरी जाऊन कुणी सांगायचं? ज्या माणसाला इतके दिवस ‘तुम्हाला विम्याची गरज आहे’ असं पटवलं, त्याला ‘तुम्हाला विमा मिळणार नाही’ हे सांगायचं असतं. या व्यवसायातला सगळ्यात जड नकार हाच, आणि तो घेऊन जाणारा प्रतिनिधी सगळ्यात एकटा असतो. कारण सांगा म्हटलं तर एका ओळीचं साचेबंद उत्तर. प्रस्ताव पुढे ढकलला आहे की कायमचा नाकारला आहे, वाढीव हप्त्यावर काही होईल का, काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल का, हे त्याला नीट कळलं तर तो त्या घरात ताठ बसू शकतो. नाही कळलं तर पुढच्या वेळी गोळीचा विषय आलाच की त्याचा हात आपोआप ‘नाही’कडे जातो.

गंमत अशी की आधुनिक जीवन विमाच अशा एका नकारातून जन्मला. लंडनमध्ये १७०६ पासून अमिकेबल सोसायटी नावाची संस्था होती. जेम्स डॉडसन या गणितज्ञाने तिचं सभासदत्व मागितलं, तर पंचेचाळिशी उलटली आहे म्हणून त्याला घेतलं नाही. त्या संस्थेत वयानुसार हप्त्याचा हिशेब नव्हता, त्यामुळे वयस्करांना बाहेर ठेवण्यावाचून तिला दुसरा उपाय नव्हता. डॉडसनने नकाराचं हे कारण पाहिलं आणि मृत्यूच्या नोंदींवरून वयानुसार ठरणारा, पण आयुष्यभर तेवढाच राहणारा हप्ता कसा काढायचा ते मांडलं. १७५७ मध्ये तो वारला. त्याच्या सहकाऱ्यांनी राजसनदेसाठी अर्ज केला, तोही १७६१ मध्ये फेटाळला गेला. मग त्यांनी सनदेविनाच १७६२ मध्ये इक्विटेबल सोसायटी उभी केली. डॉडसनने ‘आणखी दहा संस्थांचं दार ठोठावतो’ असं म्हटलं असतं, तर आपण सगळे आज दुसरं काहीतरी विकत असतो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे संशोधन आहे. आहेच. मार्टिन सेलिग्मन आणि पीटर शुलमन यांनी मेट्रोपॉलिटन लाइफच्या प्रतिनिधींवर केलेला अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. अपयशाचा अर्थ आशावादी पद्धतीने लावणाऱ्या अर्ध्या गटाने पहिल्या दोन वर्षांत निराशावादी अर्ध्या गटापेक्षा ३७ टक्के जास्त विमा विकला. सगळ्यात आशावादी आणि सगळ्यात निराशावादी अशा टोकाच्या दहाव्या हिश्श्यांत हा फरक ८८ टक्के होता. नव्याने घेतलेल्यांमध्ये आशावादी गट टिकलाही जास्त. या अभ्यासातून उद्योगाने एवढाच धडा घेतला की हसतमुख माणसं भरती करा. पण त्यात मोजलं गेलं होतं ते, वाईट घटनेचं कारण माणूस स्वतःला कसं समजावतो. ‘मला विकता येत नाही’ असं समजावणारा खचतो. ‘या माणसाला आज, या कारणाने नको होतं’ असं समजावणारा उद्या पुन्हा जातो. दुसऱ्या वाक्यात ‘या कारणाने’ हे शब्द आहेत. ते कारण खरं हवं असेल तर नकार नीट ऐकावा लागतो. नुसता आशावाद पुरत नाही. आशावाद तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना असतो: ग्राहकाला वाटतं आपल्याला काही होणार नाही, प्रतिनिधीला वाटतं पुढचा नक्की घेणार, आणि दोघं एकमेकांचं न ऐकता उठतात.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कमिशनचा मोठा वाटा पहिल्या वर्षी, पुढे चिमूटभर. पॉलिसी लवकर बंद पडली तर दिलेलंही परत कापून घेतलं जातं. सुरुवातीला ठरलेलं मानधन नसतं, असलं तर काही महिनेच. घरभाडं एका सहीवर टांगलेलं असताना कुणाला शांतपणे नकार ऐकता येईल? चिकाटी हा स्वभावाचा गुण आहे असं तुम्ही म्हणता. माझ्या पाहण्यात तरी, ज्यांच्या घरात दुसरा पगार होता त्यांच्यात ती जरा जास्त आढळली. मीही त्यांच्यातलीच एक, म्हणून हे ठामपणे सांगते. पहिलं वर्षभर माझ्या कमाईवर घर चाललं नाही, दुसऱ्याच्या चाललं, आणि त्याचं श्रेय शाखेतल्या कौतुक समारंभात माझ्या जिद्दीला मिळालं.

चिकाटी आणि छळ यांतली रेघही तुम्हीच पुसली आहे. ‘सातव्या फोनला होकार येतो’ छापाची वाक्यं भिंतीवर लावता. ज्याने ‘पुन्हा फोन करू नका’ असं स्पष्ट सांगितलं त्याला दुसऱ्या नंबरवरून फोन करायला सांगणारे वरिष्ठ या व्यवसायात आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. कित्येक देशांना नको असलेल्या फोनविरुद्ध नोंदवह्या आणि कायदे करावे लागले, ते उगाच नाही. मी पुन्हा जाते ती काही बदललं असेल तेव्हा. मूल झालं, कर्ज घेतलं, नोकरी बदलली. किंवा त्यानेच सांगितलेली वेळ आली. ‘मार्चनंतर बघू’ म्हणणाऱ्याला एप्रिलमध्ये फोन करणं ही चिकाटी. त्याला फेब्रुवारीत चार वेळा आठवण करणं म्हणजे त्याचं वाक्य आपण ऐकलंच नाही. शिवाय स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक नकार आहे, आणि तो आम्ही द्यायचा असतो: संध्याकाळी उशिरा, अनोळखी घरी, एकटीने भेट नको. त्यावर ‘मग धंदा कसा होणार’ असं विचारलं जातं. होतो. दिवसा, त्यांच्या कामाच्या ठिकाणी, जरा उशिराने होतो.

चिकाटीचं उदाहरण द्यायचंच असेल तर दरमहा सर्वाधिक विक्री करणाऱ्याचा फोटो दाखवण्यापेक्षा एलिझर राइटचं द्या. हा अमेरिकन गणिताचा प्राध्यापक होता, गुलामगिरीविरोधी चळवळीतला कार्यकर्ता होता, आणि स्वतः अनुवाद केलेलं नीतिकथांचं पुस्तक दारोदार जाऊन विकलेला विक्रेताही होता. १८४४ मध्ये लंडनच्या रॉयल एक्सचेंजमध्ये त्याने म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसींचा लिलाव होताना पाहिला. हप्ते भरणं ज्यांना झेपेना, त्यांना कंपनीकडून काही मिळत नव्हतं. मग सट्टेबाज त्या पॉलिसी विकत घ्यायचे आणि मूळ माणूस लवकर मरावा याची वाट पाहायचे. राइट परत आला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये विमा कंपन्यांच्या मागे लागला. १८५८ मध्ये कंपन्यांनी पुरेसा राखीव निधी ठेवावा असा कायदा झाला. १८६१ मध्ये, हप्ता थांबला तरी साठलेल्या रकमेतून काही काळ संरक्षण चालू राहील असा. रोख परतावा देणारा कायदा व्हायला १८८० साल उजाडलं. मधल्या छत्तीस वर्षांत त्याला कंपन्यांकडून किती वेळा ‘नको’ ऐकावं लागलं असेल! प्रत्येक ‘नको’च्या मागे कुठला हिशेब आहे, हे त्याने तक्ते मांडून दाखवलं, म्हणून त्याला पुढे जाता आलं.

माझं मागणं फार नाही. नकाराचा रकाना एकच ठेवू नका. प्रतिनिधीला समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहू द्या आणि आठवड्यातून एकदा कुणा जुन्या प्रतिनिधीबरोबर बसून ते वाचू द्या, वरिष्ठांशिवाय. टार्गेट देण्याआधी नव्या माणसाला एका मंजूर दाव्याच्या घरी न्या आणि एका नाकारलेल्याही. दुसऱ्या घरी जायला तुमच्यापैकी कुणी तयार होतं का तेही बघा. तेराव्या महिन्यात किती पॉलिसी चालू आहेत, यावर बढती ठरू द्या. फॉर्ममध्ये आजार खरा लिहिल्यामुळे जी केस गेली, ती त्या महिन्याच्या मोजणीत प्रतिनिधीच्या बाजूने धरा. यात तुमचे पैसे जातील, कबूल. अनाथ पॉलिसींवर आणि दरवर्षीच्या नव्या भरतीवर जे जातात, त्यांच्याशी एकदा ताडून पाहा. शंभर नावांची यादी निदान पहिले सहा महिने मागू नका.

आणि पुढच्या बॅचच्या वेळापत्रकात ‘ऑब्जेक्शन हँडलिंग’साठी जे दोन तास राखून ठेवले आहेत, त्यांतला एक मला द्या. मानधन नको. मी त्यांना उत्तरं पाठ करून देणार नाही, प्रस्तावाचा फॉर्म वाचायला बसवणार आहे, शेवटच्या पानापर्यंत. तेवढा वेळ विक्रीच्या आकड्यांचा फळा भिंतीकडे वळवून ठेवला तर बरं होईल. मुलं सारखी त्याच्याकडे बघत बसतात.

आपली,
एक विमा प्रतिनिधी